उत्तरायुष्य आणि प्रकाशलेखन

आमच्या तीर्थरूपांचे एकच छायाचित्र आमच्या संग्रही आहे. ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कचेरीच्या दारात घेतलेले असून त्यात त्यांच्या गळ्यात हार, हातात नारळ व दोन्ही बाजूंस सहकारी मंडळी दिसतात. सर्वांची दृष्टी कॅमेऱ्याकडे आहे. तीर्थरूप तेवढे कोठे तरी खाली पाहत आहेत. दुसऱ्या दिवसापासून ते ओटीवरील आरामखुर्चीत बसू लागले. "आप्पा, पुष्कळ केलेत, आता स्वस्थ बसा," असे घरातील आम्ही सर्व जण त्यांस सांगत असू, आणि एरवी कोणाचे न ऐकणाऱ्या त्या गृहस्थांनी या एका बाबतीत मात्र आमचे ऐकले. तीन वर्षांत ते निवर्तले. डॉक्टरांनी जे कारण सांगितले ते आम्हांस अमान्य नाही. परंतु त्या तीन वर्षांत त्या खुर्चीतून त्यांनी काय पाहिले, हे आम्ही त्यांस एकदाही विचारले नाही, ही रुखरुख राहून गेली आहे.

हे घरगुती प्रकरण आरंभीच काढण्याचे कारण असे की, आता आमच्याही निवृत्तीस दोनच वर्षे उरली आहेत, व 'स्वस्थ बसा' या मंत्राचा जप आमच्या भोवतीही सुरू झाला आहे. गेल्या दिवाळीस आमच्या कन्येने आम्हांस एक कॅमेरा आणून दिला, आणि "पुढे वेळ जायला बरा पडेल," असे ती म्हणाली. पोर मायेने बोलली. पण 'वेळ जायला' हे शब्द आमच्या मनात रुतून बसले. अध्यापकाची जात अशी की, पोहावयास शिकण्यापूर्वी तो पोहण्याचा इतिहास वाचावयास घेतो. त्याप्रमाणे कॅमेऱ्याची पेटी उघडण्यापूर्वी आम्ही प्रकाशलेखनाच्या इतिहासाची काही पुस्तके धुंडाळली. उद्देश इतकाच की, उपजीविकेचा व्यवसाय मागे पडल्यावर ज्यांनी ही कला हाती धरली त्यांनी तिच्या योगाने वेळ घालविला की आणखी काही केले, हे पाहावे. जे हाती लागले त्यापैकी थोडे येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, या कलेचा जन्मच मुळी एका साठी उलटलेल्या गृहस्थाच्या खिडकीत झाला. फ्रान्समधील शालों या गावचा निसेफोर निएप्स (जन्म १७६५) हा तारुण्यात सैन्यात अधिकारी होता. प्रकृती बिघडल्यामुळे त्याने सैन्य सोडले, काही काळ नीस येथे सरकारी कारभार पाहिला, आणि तोही सोडून तो आपल्या गावी परतला व घरच्या मिळकतीवर राहून नाना तऱ्हेचे प्रयोग करीत बसला. भावाच्या साह्याने त्याने होडी चालविणारे एक एंजिन काढले व १८०७ साली त्याचे पेटंटही मिळविले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यास कोणत्या नावाने ओळखले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. पुढे १८२६ किंवा १८२७ साली, म्हणजे वयाची साठ वर्षे उलटल्यावर, त्याने आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीत कॅमेरा ठेवून, डांबराच्या जातीच्या एका द्रव्याचा लेप दिलेल्या कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर समोरच्या आवाराचे चित्र उमटविले. कॅमेऱ्याने प्रत्यक्ष सृष्टीचे घेतलेले जे सर्वांत जुने चित्र आज उपलब्ध आहे ते हेच. ते उमटण्यास आठ तास लागले असे पूर्वी मानीत. कित्येक दिवस लागले असावेत असे अलीकडचे अभ्यासक म्हणतात. इतका काळ गेल्यामुळे सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेला, आणि चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. असे ऊन कोणाही मनुष्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने प्रचारात आणली त्यास हा पत्रा दाखविण्यासारखा आहे. तो पुष्कळ वर्षे कोणास ठाऊक नव्हता. १९५२ साली हेल्मुट गर्न्सहाइम या इतिहासकाराने तो एका पेटाऱ्यात शोधून काढला, व सांप्रत तो अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

निएप्स १८३३ साली वारला. त्याचा भागीदार दागेर याने प्रयोग पुढे नेले, आणि १८३९ साली फ्रेंच सरकारने ही विद्या विकत घेऊन जगास खुली केली. मोबदला काय दिला? दागेरला वार्षिक ६,००० फ्रँक व निएप्सच्या मुलास ४,००० फ्रँक पेन्शन! म्हणजे छायाचित्रणाचे व पेन्शनीचे नाते पाळण्यातच जुळले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि यापुढील चाळीसएक वर्षे ही कला म्हाताऱ्याकोताऱ्यांस झेपण्याजोगी राहिली नव्हती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत काढली. काचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, आणि ती वाळण्याच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावयाची. बाहेरगावी जावयाचे तर अंधारखोलीचा तंबू, बाटल्या, काचा व पाणी यांचे ओझे सोबत आलेच. आमच्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, व पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग उघडण्यात आला, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित हौशी छायाचित्रकारांपैकी एक होत. मुंबईच्या वैशाखात काच किती लौकर वाळत असेल आणि अंधारखोलीत माणसाचे काय होत असेल, हे मनात आणिले म्हणजे त्या मंडळींच्या हौसेचे कौतुक वाटते. पण ही मंडळी ऐन उमेदीतील, कामाधंद्यात असलेली डॉक्टर, अधिकारी व व्यापारी होती. निवृत्त माणसाने त्या धडपडीत पडावे असे कोणी सुचविले असते तर त्याच्या घरच्यांनी हात जोडले असते.

म्हणूनच ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचे आश्चर्य वाटते. बाईंचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. वडील बंगालच्या मुलकी नोकरीत होते. त्यांचे पती चार्ल्स हे कॅमेरॉन हे मेकॉलेबरोबर कायदेमंडळाच्या आयोगात होते. १८६२ पासून २०२४ पर्यंत या देशावर ज्या दंडसंहितेचा अंमल चालला तिचा मसुदा ज्या हातांनी तयार झाला त्यांत यांचाही हात होता. १८४८ साली ते निवृत्त होऊन विलायतेस परतले व पुढे वाइट बेटावर फ्रेशवॉटर या गावी, टेनिसन कवीच्या शेजारी, येऊन राहिले. बाई त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. आता बाईंस निवृत्ती कसली, असे कोणी विचारील. आमच्या सौभाग्यवतींच्या मते स्त्रियांस पेन्शन नाही व म्हणून निवृत्तीही नाही, आणि या मताचे खंडन आम्हांस अद्यापि साधलेले नाही. परंतु १८६३ साली कॅमेरॉनबाईंच्या घरी जी स्थिती होती ती निवृत्तीहून फारशी निराळी म्हणता येणार नाही. कन्येचे लग्न होऊन गेलेले, पती कॉफीच्या मळ्यांच्या व्यवस्थेसाठी सिलोनात गेलेले, व बाई घरी एकट्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात कन्या व जावई यांनी त्यांस एक कॅमेरा भेट पाठविला. एकांतात आईस तेवढीच करमणूक होईल, असा त्यांचा हेतू होता. आमच्या कन्येचे वाक्य आम्हांस आठवले हे सांगावयास नकोच.

बाई तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या, आणि या विद्येचे ओ की ठो त्यांस येत नव्हते. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचे काचघर केले, कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली, आणि १८६४ च्या जानेवारीअखेर ॲनी नावाच्या एका लहान मुलीचे चित्र त्यांस साधले. ते आपले पहिले यश म्हणून त्यांनी नोंदून ठेविले आहे. समोर बसणाऱ्यांस पाच-पाच, सात-सात मिनिटे निश्चल बसावे लागे. टेनिसन त्यांच्या हाती सापडला, तसाच ज्योतिर्विद हर्शल, तसाच डार्विन. टेनिसनने आपल्या एका चित्रास 'मळका संन्यासी' असे नाव ठेविले. धंदेवाईक छायाचित्रकार व नियतकालिकांचे टीकाकार मात्र बाईंवर तुटून पडले. यांची भिंगे नीट लावलेली नसतात, यांच्या काचांवर डाग व बोटांचे ठसे असतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खरीच होती. बाईंचे म्हणणे असे की, भिंग कोठे थांबवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? चेहरा जेथे त्यांस सुंदर दिसे तेथे त्या थांबत. हर्शलचे १८६७ चे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांस या वादाचा निकाल सांगावयास नको. विसकटलेल्या पांढऱ्या केसांचे ते तेजाळ मस्तक काळोखातून असे पुढे येते की, कानाच्या पाळीची रेषा पुसट आहे की ठळक, हे पाहावयाचे भानच राहत नाही.

या सर्व हकीकतीत आमच्या मनात घर करून बसलेली गोष्ट वेगळीच आहे. बाईंनी उतारवयात लिहिलेल्या लहानशा आत्मवृत्तात त्या सांगतात की, प्रत्येक नवी काच तयार झाली की ती तशीच ओली घेऊन त्या धावत जेवणघरात पतीकडे जात, व त्यांची वाहवा ऐकत. या सवयीमुळे घरातील मेजावरची अगणित वस्त्रे चांदीच्या क्षाराच्या न जाणाऱ्या डागांनी खराब झाली. अडुसष्टी-सत्तरीचा तो वृद्ध न्यायशास्त्री ताटावरून मान वर करून दररोज नव्याने वाहवा करीत असे. छंद एकट्याचा असतो असे म्हणतात. पण तो पाहणारे एक तरी माणूस घरात असले तर त्यास निराळेच बळ येते. आप्पांस विचारणारे आम्ही कोणी नव्हतो.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाईंच्या काचा, रसायने व काचघर यांचा खर्च जेथून येत होता ते सिलोनातील कॉफीचे मळे दक्षिण हिंदुस्थानातून नेलेल्या तमिळ मजुरांच्या श्रमावर चालत. १८६९ पासून कॉफीवर रोग पडला, उत्पन्न खालावले, आणि १८७५ साली हे वृद्ध दांपत्य विलायत सोडून सिलोनास गेले. सामानात दोन शवपेटिका बरोबर नेल्या होत्या, अशी आख्यायिका आहे. तेथे बाईंनी थोडीच चित्रे घेतली. फ्रेशवॉटरच्या चित्रांत मोलकरणीचेही नाव आपणांस ठाऊक आहे. सिलोनच्या चित्रांखाली 'कळुतरा येथील शेतकरी' एवढेच लिहिलेले आढळते. इतक्या डोळस बाईंस तेथे नाव विचारावेसे का वाटले नाही, हा प्रश्न चित्र पाहताना सुटत नाही. त्या १८७९ साली तेथेच वारल्या.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या फ्रेडरिक एच्. इव्हान्सकडे वळू. हा लंडनचा पुस्तकविक्रेता, जन्म १८५३ चा. चीपसाइड भागातील क्वीन स्ट्रीटवर त्याचे दुकान होते, आणि दुकानात येणाऱ्याच्या हातात योग्य पुस्तक ठेवण्याची त्यास आवड होती. विम्याच्या कचेरीतील एक फिकट चेहऱ्याचा तरुण कारकून दुपारच्या सुटीत तेथे पुस्तके चाळावयास येई. त्याच्याकडून रेखाचित्रे घेऊन इव्हान्स त्यास पुस्तके देत असे, आणि एका प्रकाशकाकडे त्याची शिफारस त्यानेच केली. तो कारकून म्हणजे ऑब्री बियर्ड्स्ली. असल्या दुकानदाराचा व्यापार बेताचाच चालावयाचा. प्रकृतीच्या कारणाने १८९८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याने दुकान सोडले व उरलेले आयुष्य कॅमेऱ्यास वाहिले. दुकानात असतानाही तो फावल्या वेळी सूक्ष्मदर्शक यंत्रातून शिंपल्यांची छायाचित्रे घेत असे, व त्यांबद्दल त्यास पदकही मिळाले होते. पण ज्या कामामुळे त्याचे नाव राहिले त्याला फावला वेळ पुरण्याजोगा नव्हता.

ते काम म्हणजे इंग्लंडातील जुन्या महामंदिरांचे अंतरंग. लिंकन, एली, वेल्स, यॉर्क अशा ठिकाणी जाऊन तो आठवडेच्या आठवडे मुक्काम करी. प्रथम नुसते हिंडावयाचे. कोणत्या प्रहरी कोणत्या खांबावर उजेड कसा उतरतो ते पाहावयाचे. मग कॅमेरा मांडावयाचा. दृष्टीच्या आड येणाऱ्या खुर्च्या हलविण्याविषयी तो तेथील अधिकाऱ्यांची मने वळवी. आतील अंधुक उजेडात भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. काच एकदा धुतली की तिच्यावर कुंचला किंवा पेन्सिल चालवावयाची नाही, ठसा प्लॅटिनमच्या कागदावर काढावयाचा, आणि जे उमटेल ते उमटेल, असा त्याचा नेम होता. धंदेवाईक माणसास हे परवडते ना! त्यास दिवसाला अमुक चित्रे द्यावयाची असतात, ढग आले तर तो नशिबाला बोल लावतो. इव्हान्स ढग जाण्याची वाट पाहत खांबाशी बसून राही, आणि त्याच्या मते तेही कामच होते. मंदिर जसे आहे तसे कागदावर उतरविण्यापेक्षा त्यात उभे राहिले असता मनास जे वाटते ते उतरावे, असे तो म्हणे. आणि जे वाटावयाचे ते वाटण्यास वेळ लागतो.

१९०३ साली वेल्स येथील मंदिरात त्याने घेतलेले 'पायऱ्यांचा समुद्र' हे चित्र सर्वज्ञात आहे. मंडळाच्या सभागृहाकडे जाणारा हा दगडी जिना शतकानुशतके माणसांच्या पावलांनी मध्यभागी झिजलेला आहे. चित्रात माणूस एकही नाही. खालून वर चढत जाणाऱ्या त्या झिजलेल्या पायऱ्या एकीवर एक अशा येतात की, किनाऱ्याकडे लोटणाऱ्या लाटांचा भास होतो, आणि वर कमानीपलीकडे उजेड उभा असतो. आम्ही हे चित्र विद्यार्थ्यांस अनेक वर्षे दाखवीत आलो, इंग्रजी मंदिरस्थापत्याचा नमुना म्हणून. या खेपेस ते पाहताना प्रथमच जाणवले की, चित्राचा विषय स्थापत्य नसून ती झीज आहे. पंचविशीत हे दिसले नाही, यात आमचा दोष असेल वा वयाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतील 'कॅमेरा वर्क' या नामांकित नियतकालिकाने आपला चौथा अंक इव्हान्सला वाहिला, आणि त्यात त्याच्यावर लेख लिहिला तो त्याचा मित्र बर्नार्ड शॉ याने. शॉ स्वतःही कॅमेऱ्याचा नादी होता.

पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दुर्मीळ व महाग झाले, आणि तो कागद मिळेनासा झाला. दुसऱ्या कागदावर आपली चित्रे नीट उतरत नाहीत असे म्हणून इव्हान्सने छायाचित्रण सोडून दिले. याला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी हट्ट म्हणेल. आम्हांस तर त्याचा राग येतो. नव्वदीच्या उंबरठ्यावर, १९४३ साली, तो वारला. म्हणजे जवळजवळ पाव शतक ते डोळे शाबूत होते आणि कॅमेरा बंद होता. पियानोला नावाच्या यांत्रिक वाद्याचा त्यास मोठा नाद होता, तेवढेच एक समाधान.

इव्हान्स जेव्हा काचा घेऊन मंदिरोमंदिरी हिंडत होता तेव्हा हा छंद केव्हाच सर्वांच्या आवाक्यात येऊ लागला होता. त्याचे श्रेय जॉर्ज ईस्टमनचे. हा रॉचेस्टर येथील बँकेत कारकून. १८७८ साली प्रवासास जावयाचे म्हणून त्याने छायाचित्रणाचे सामान घेतले, आणि ते घोड्यावर लादावे इतके निघाल्याने त्याचे डोके या गोष्टीच्या मागे लागले. १८८८ साली त्याचा कोडॅक कॅमेरा २५ डॉलर किमतीस बाजारात आला. त्यात १०० चित्रांची फीत भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा, तेथून चित्रे व नवी फीत भरलेला कॅमेरा परत येई. गिऱ्हाइकाने कळ दाबण्यापलीकडे काही करावे लागू नये, ही त्याची जाहिरात होती. पुढे जगभर लक्षावधी माणसांच्या सुटीस व उतारवयास यामुळे एक विरंगुळा लाभला. खुद्द ईस्टमनने सत्तरीनंतर कारखान्याचा दैनंदिन कारभार सोडला. पाठीच्या कण्याच्या व्याधीने तो जर्जर झाला होता. १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, मित्रांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी लिहून त्याने स्वतःवर गोळी झाडली. आपले काम संपले आहे, मग वाट कशाची पाहावयाची, अशा अर्थाची ती चिठ्ठी होती. असह्य वेदनांत असलेल्या माणसाविषयी शहाणपणाचे बोल काढण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण ती चिठ्ठी वाचल्यापासून 'वाट पाहणे' हे शब्द आम्हांस पूर्वीसारखे वाचता येत नाहीत.

ती चिठ्ठी मनात असतानाच आंद्रे केर्तेस याचे शेवटचे पुस्तक आमच्या हाती आले. केर्तेस १८९४ सालचा, बुडापेस्टचा. पॅरिसमध्ये त्याने मोठी कीर्ती मिळविली, व १९३६ साली तो न्यूयॉर्कला गेला. तेथे त्याची कदर झाली नाही, आणि गृहसजावटीच्या एका मासिकासाठी शोभिवंत दिवाणखान्यांची चित्रे काढण्यात त्याची पंधराएक वर्षे गेली. १९६२ च्या सुमारास त्याने ते काम सोडले. वॉशिंग्टन चौकावर पाहणाऱ्या त्याच्या बाराव्या मजल्यावरील घरातून त्याने बर्फातली झाडे, पाऊलवाटा, बाकांवरची एकटी माणसे पूर्वीही टिपली होती. १९७७ साली त्याची पत्नी एलिझाबेथ निवर्तली. म्हातारा खचला. नंतर त्याच्या हाती एक पोलरॉइड कॅमेरा आला. त्यातून चित्र आपोआप बाहेर येते, पाहता पाहता रंगते, व तळहातात मावते; अंधारखोलीची जरूर नाही. एका दुकानाच्या खिडकीत त्यास काचेचा एक लहानसा अर्धपुतळा दिसला. त्याच्या मानेचा व खांद्याचा बाक त्यास पत्नीसारखा वाटला. तो पुतळा घरी आणून त्याने खिडकीच्या कठड्यावर ठेविला आणि चित्रे घेत सुटला. सकाळी तो निळा दिसे, संध्याकाळी तांबूस. कधी त्यात समोरच्या उंच इमारती उलट्या उतरत, कधी आभाळच तेवढे राही. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, ज्या रंगाच्या छायाचित्रणाकडे त्याने आयुष्यभर फारसे लक्ष दिले नव्हते ते तो पहिल्यापासून शिकला. 'माझ्या खिडकीतून' हे त्या चित्रांचे पुस्तक १९८१ साली निघाले, ते एलिझाबेथला अर्पण केलेले आहे. वाहवा करणारे माणूस जेवणघरात उरले नव्हते, तेव्हा त्याने ते खिडकीत बसविले. १९८५ साली तो वारला.

आज कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात, दूरध्वनीच्या पोटात आहे, आणि एका घटकेत शंभर चित्रे काढणाऱ्या आमच्या समवयस्कांचा आम्हांस रोज उपसर्ग पोचतो. त्यांची थट्टा करण्याचा आमचा विचार होता. परंतु स्वतः हात घातल्यावर तो रहित केला. गेल्या चैत्रात आम्ही आठ दिवस मूळ गावी, थोरल्या बंधूंकडे राहिलो होतो. कन्येचा कॅमेरा सोबत होता. आप्पांची खुर्ची माळ्यावर पडली होती. ती झाडूनपुसून ओटीवर पूर्वीच्या जागी, दाराशेजारी मांडली व तीत बसून समोर पाहू लागलो. समोर गल्ली, नगरपालिकेचा नळ, आणि पलीकडे एका पडक्या घराची विटांची भिंत. पहिले तीन दिवस घेतलेली चित्रे दाखविण्याजोगी नाहीत. चौथ्या दिवशी ध्यानात आले की, दुपारी चारच्या सुमारास दोन घरांच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा त्या भिंतीवर येतो, विटांच्या सांध्यांत उगवलेल्या पिंपळाच्या रोपावर सरकतो व निघून जातो. सर्व मिळून दहा-बारा मिनिटांचा खेळ. परंतु दाराशेजारून पाहता मध्ये ओटीचा खांब येत होता. म्हणून सहाव्या दिवशी चार वाजण्यापूर्वी आम्ही खुर्ची हातभर डावीकडे सरकविली.

दादा आत चहा घेत होते. खुर्चीचा आवाज ऐकून ते बाहेर आले व जरा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आप्पा अगदी अस्सेच करीत. रोज चार वाजले की खुर्ची इकडे ओढीत. आम्हांला वाटे, उन्हाची तिरीप चुकवतात."

चैत्रातही त्या वेळी ओटीवर ऊन येत नाही. खोल छपराखालच्या त्या जागी ते कधीच येत नाही, हे सहा दिवस तेथे बसून आम्ही पाहिले होते. आम्ही दादांस काही बोललो नाही. खुर्चीतून उठलो व त्यांस तीत बसावयास सांगितले. तेवढ्यात ऊन भिंतीवर आले. त्या दिवसाचे चित्र थोडे हललेले आहे आणि पिंपळाची पाने नीट दिसत नाहीत. दादांनी त्याची एक प्रत मागितली आहे, ती अजून पाठवावयाची राहिली आहे.